डावखुऱ्यांच्या युकुलेलेत नुसत्या तारा उलटवून भागत नाही

संपादक महोदय,

हल्ली आमच्या सोसायटीत बऱ्याच मुलांकडे युकुलेले आहे, गिटारसारखं छोटं वाद्य, चारच तारा, लहान हातात मावतं, त्यामुळे आमच्या अकरा वर्षांच्या मुलीलाही हवंच होतं. ती डावखुरी. दुकानात पहिला सल्ला मिळाला की उजव्या हातानेच शिकवा, होते सवय (हाच सल्ला जेवणाच्या बाबतीत माझ्या आजीने मला दिला होता, पाठीत धपाट्यासकट). आम्ही नको म्हटल्यावर त्यांनी दहा मिनिटांत तारा उलट्या क्रमाने लावून दिल्या, जादा पैसेही घेतले नाहीत, हे खरं.

घरी आल्यावर रडारड. सी कॉर्डमध्ये (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे सूर) फक्त ए तार तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या) दाबायची, बाकी तीन मोकळ्या, तरी ई तार किरकिरत होती. ए कॉर्ड तर बेसूरच, तीत दाबायच्या सी तारेला ट्यूनर (सूर बरोबर आहे का ते दाखवणारं यंत्र) लावला तर मोकळी बरोबर आणि पहिल्या फ्रेटवर दाबली की सूर चढलेला. मला वाटलं हिचं बोट चुकतंय, दोन दिवस बिचारीने उगाच बोलणी खाल्ली.

घोळ होता नटचा. नट म्हणजे मानेच्या टोकाची छोटी पट्टी, जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. तारा जी सी ई ए, म्हणजे पेटीवर पांढरी एकला सा धरला तर प सा ग ध, आणि तो प सा च्या वरचा, खालचा नाही, त्यामुळे सगळ्यात जाड तार कडेला नसून दुसरी, सी. क्रम उलटवला की ही जाड सी जाते ई च्या अरुंद खाचेत, तळाला न टेकता वरच अडकते, मग दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. ई येते सी च्या रुंद खाचेत, ती तिथे सैल राहून वाजते. जी आणि ए साधारण सारख्याच जाडीच्या, त्यांचं फारसं बिघडत नाही.

शेवटी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी तारा सैल करून नट हलकेच ठोकून काढला, फिरवून गोंदाच्या थेंबावर परत बसवला, झालं! आमच्या युकुलेलेच्या ब्रिजवरची, म्हणजे तारांच्या दुसऱ्या टोकाकडची, पट्टी सरळ होती म्हणून एवढ्यावर भागलं, गिटारची बहुतेक तिरकी असते, तिथे हे जमत नाही.

काकांनीच तपासायला शिकवलं. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर फट बघायची, जेमतेम केसाएवढी हवी. मग बाराव्या फ्रेटवर दाबून ट्यूनर बघायचा, मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर यायला हवं. नवीन नायलॉनच्या तारा मात्र आठवडाभर तरी उतरत राहतात, त्यामुळे प्रत्येक वेळी आधी सूर लावून घ्यायचा. मानेच्या कडेचे, फ्रेट ओळखायचे ठिपके आता जमिनीकडे गेलेत, म्हणून वरच्या कडेला ५, ७, १० आणि १२ व्या फ्रेटपाशी नेलपॉलिश लावलंय.

बीटल्स बँडचा पॉल मॅकार्टनी डावखुरा आहे, २००२ मध्ये त्याच बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनच्या स्मरणार्थ लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तो युकुलेले वाजवत गायला होता, तेव्हा डाव्या हाताने कुठे वाजवतात हे कुणी सांगू नये. दुकानदारांना एवढंच म्हणणं आहे की तारा उलटवताय तर नटही फिरवून द्या, त्याचे वेगळे पैसे घ्या हवं तर. आणि पालकांनी पैसे देण्याआधी दुकानातच ए कॉर्ड वाजवून घ्यावी.

– एक वाचक, ठाणे