तो गंज भंगारात देऊ नका

नाशिक
आषाढ वद्य पंचमी

ती. आण्णा आणि माय,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आण्णा "हां, बरं, ठेव आता" म्हणतात आणि माय रडायला लागते. म्हणून लिहितेय. आण्णा, चष्मा लावून तुम्हीच वाचा आणि मायला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

परवा रात्री मायचा फोन आला होता. तुम्ही सप्ताहाच्या कीर्तनाला गेला होतात. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ती एकदम म्हणाली, "मी चाळीस वरीस पापच रांधं का वं माय?" मला काही सुचेना. मग कळलं, आदल्या रात्री कीर्तनात महाराजांनी सांगितलं होतं की मांस खाणाऱ्याइतकंच पाप शिजवणारीला आणि वाढणारीलाही लागतं. घरी येऊन तुम्ही ते तिला जसंच्या तसं ऐकवलंत. वर म्हणालात, आपल्या धर्मात हे कधी नव्हतंच, अडाण्यांनी घुसडलं.

यंदा मुक्ताईच्या पालखीबरोबर तुम्ही महिनाभर चालून पंढरपूर केलंत, माळ घातलीत. त्याचा मला मनापासून आनंद आहे. माळ घातली की मांस सुटलं, हा वारकऱ्यांचा नेम लहानपणापासून बघतेय. आपल्या घरात तो तुमच्यासाठी काटेकोर पाळला जाईल. पण तुमचा नेम खरा ठरायला मायची चूल खोटी ठरायला हवी, असं कुठंय?

मी रोज पोरांना संस्कृत शिकवते, म्हणून महाराजांचं ते म्हणणं कुठल्या श्लोकातलं हे लगेच ओळखलं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातला आहे. त्यात आठ जण घातक सांगितलेत. संमती देणारा, कापून वाटे करणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. आण्णा, या यादीत पहिलं नाव 'अनुमन्ता'चं आहे, म्हणजे ज्याच्या शब्दावर हे सगळं होतं तो. म्हसोबाला नवस बोलायचात तुम्ही. बोकड निवडायचात तुम्ही. शिजवणारी त्या यादीत बरीच खाली येते. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. पण यादी वाचायची तर पहिल्यापासून वाचावी.

आणि त्याच अध्यायात, पाचच श्लोक पुढं आलं की, 'न मांसभक्षणे दोषः' असं सुरू होणारा छप्पन्नावा श्लोक आहे. मांस खाण्यात दोष नाही, ती प्राण्यांची प्रवृत्तीच आहे, पण त्यातून निवृत्त होण्याचं फळ मोठं, असा त्याचा अर्थ. त्याआधी, यज्ञात केलेला वध हा वध नव्हेच, असंही त्यात म्हटलंय. तिसऱ्या अध्यायात तर श्राद्धाला कोणत्या मांसानं पितर किती महिने तृप्त होतात, याचा हिशोबच दिलाय. बायकांबद्दल आणि खालच्या म्हटल्या गेलेल्या जातींबद्दल त्या ग्रंथात जे लिहिलंय ते वाचून माझं रक्त तापतं. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी तो जाळला ते योग्यच केलं, असं मी मानते. म्हणून त्यातला श्लोक मला प्रमाण नाही. पण मायला पापी ठरवायला कुणी तोच ग्रंथ पुढं करत असेल, तर त्याचं पुढचं पानही तिला ऐकायला मिळायला हवं.

'आपल्या धर्मात कधी नव्हतंच' हे तर कुठंच टिकत नाही. काश्मिरी पंडितांकडे शिवरात्रीला मटण शिजतं. बंगालात कालीपुढच्या बळीचं मांस कांदा-लसूण न घालता रांधतात आणि त्याला निरामिष म्हणतात. तिकडे दक्षिणेत कण्णप्प नावाच्या शिकाऱ्यानं शंकराला मांसाचा नैवेद्य दाखवला, आधी स्वतः चाखून, चांगलं लागलं तेवढंच. त्रेसष्ट नायन्मार संतांत त्याची गणना होते. आणि लांब कशाला जायचं, आपल्या सप्तशृंगगडावरचा दसऱ्याचा बोकडबळी बंद झाला होता, तो 2022 साली उच्च न्यायालयानं अटी घालून पुन्हा सुरू करू दिला. तिथं जाणारी माणसं धर्माबाहेरची आहेत का?

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती मी झाकणार नाही. महाभारतात अनुशासनपर्वात भीष्म मांस सोडण्याची जी थोरवी सांगतात, ती वाचताना माणूस हलतो. जसा आपला जीव आपल्याला प्यारा, तसाच त्याचा त्याला. म्हणजे आपल्या परंपरेत खाणारेही आहेत, सोडणारेही आहेत, आणि सोडणाऱ्यांचा मान मोठा आहे. पण सोडणाऱ्याचा मान वाढवण्यासाठी खाऊ घालणारीला खाली ढकला, असं काही भीष्म सांगत नाहीत.

आण्णा, वनपर्वातली धर्मव्याधाची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म समजून घ्यायचा असतो आणि त्याला पाठवलं जातं ते मिथिलेत, एका मांस विकणाऱ्याच्या दुकानावर. हा व्याध स्वतः मारत नाही, स्वतः खातही नाही, पण वाडवडिलांचा धंदा म्हणून विकतो. त्याचं एक बोलणं मी तुमच्यासाठी मुद्दाम पुन्हा काढून वाचलं. तो म्हणतो, लोक शेतीला चांगली मानतात, पण तिच्यातही मोठी हिंसा आहे, नांगर धरणारी माणसं जमिनीतले किती जीव मारतात. हे वाचलं आणि आपलं कपाशीचं शेत डोळ्यांपुढं आलं. बोंडअळी पडली की पाठीवर पंप घेऊन तोंडाला उपरणं बांधून तुम्ही ओळीनं फिरायचात, दुसऱ्या दिवशी सरीत मेलेल्या अळ्यांबरोबर मधमाश्याही पडलेल्या असायच्या. त्या शेतावर आम्ही शिकलो. त्याला तुम्ही पाप म्हणाल का? मी नाही म्हणणार. आणि गोष्टीत पुढं तो व्याध त्या ब्राह्मणाला घरात नेतो, आपले म्हातारे आई-बाप दाखवतो आणि म्हणतो, हेच माझे देव.

आता माझं खरं म्हणणं. तुम्ही मांस का सोडलंत ते मला माहीत आहे. पालखी त्याच्या नंतरची.

धाकट्याच्या नोकरीसाठी नवस बोलला होता, त्या वर्षीचा तो बोकड. डाव्या कानाला पांढरा ठिपका होता त्याच्या. सहा महिने तुम्ही त्याला बांधावरचा बाभळीचा पाला आणि सुबाभूळ आणून घातलीत. शेवटच्या दिवशी त्याला दोरी लावावी लागलीच नाही. तुमच्या मागोमाग तो म्हसोबापर्यंत चालत आला आणि तिथं पोचल्यावर तुमचा हात चाटायला लागला. खडेमिठाचा हात असायचा ना तुमचा. तुम्ही दुसऱ्याच्या हाती दोरी दिलीत आणि बाभळीआड जाऊन आमच्याकडं पाठ करून उभे राहिलात. त्या रात्री तुम्ही कांदा-भाकर खाल्लीत, पोट बरं नाही म्हणालात. मायनं ओळखलं होतं. तिनं एका शब्दानं विचारलं नाही, नुसतं ताकाचं भांडं तुमच्यापुढं सरकवलं. त्यानंतर तुमच्या ताटात मी मटण पाहिलेलं नाही.

हे कारण माझ्यासाठी सगळ्या श्लोकांहून मोठं आहे, आण्णा. तेच मायला सांगा ना. "त्या जित्राबानं हात चाटला, त्या दिवसापासून मला गिळवेना," एवढंच. ती ते एका क्षणात समजेल. पाप-पुण्याची यादी मात्र तिला आतून खातेय.

कारण तिनं जे केलं ते धर्म म्हणूनच केलं. ज्या दिवशी मटण असायचं त्या दिवशी ती भल्या पहाटे तुळशीला पाणी घालून, देवाचं सगळं उरकून मग गोठ्याजवळच्या चुलीपाशी जायची. घरातल्या चुलीवर कधी नाही. खोबऱ्याची वाटी विस्तवावर धरायची, कांदे अख्खेच निखाऱ्यात टाकायची, साल कोळशासारखी झाली की राखेतून ओढून पाट्यावर घ्यायची. तिच्या हाताची ती काळी बोटं मला अजून दिसतात. पहिला वाटा पळसाच्या पानावर म्हसोबाचा. मग भाऊबंद, मग सालदार आणि त्याची पोरं, मग आम्ही. तिच्या वाट्याला बहुतेकदा रस्साच उरायचा. आणि श्रावणात कानबाईचे रोट लागले की हीच माय कांदा-लसणाला हात लावायची नाही, रोटाचे गहू निवडताना तोंडानं नाव घ्यायची. चातुर्मासात सोडलेलं वांगं चंपाषष्ठीला खंडेरावाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच घरात यायचं. कधी काय खायचं, कधी काय सोडायचं, कुणाला आधी द्यायचं, हे सगळं तिला पाठ होतं. तिनं पोथी वाचली नाही. पण आपल्या घरात धर्म जो काही होता, तो तिच्या हातात होता.

माय, तू पाप रांधलं नाहीस. हे तुझी लेक म्हणून सांगतेच, आणि संस्कृत शिकवणारी बाई म्हणूनही सांगते.

आता कामाचं. कानबाईला मी पोरांना घेऊन दोन दिवस आधी येते. घरात मांसाचं काही होणार नाही, आणणार नाही, पोरंही मागणार नाहीत. आण्णांच्या माळेचा मान आम्हा सगळ्यांना आहे. पण माय म्हणत होती की गोठ्यातला मटण शिजवायचा तो जर्मनचा मोठा गंज आणि लांब दांड्याची पळी तुम्ही भंगारवाल्याला द्यायला काढलीय. ती देऊ नका. तुमच्या डोळ्यांपुढं नको असेल तर पोत्यात बांधून कडब्याच्या गंजीमागं ठेवा. मी येताना गाडी घेऊन येतेय, जाताना घेऊन जाईन. बुडाला पडलेला चेपा तसाच राहू द्या, घासूनबिसून ठेवू नका.

तुमची लेक