पायाची नस उघडली, पण गोळ्या सुटल्या

महोदय,
मार्च महिन्यात माझ्या वडिलांच्या डाव्या पायातल्या अरुंद झालेल्या धमनीत नागपुरात स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला. त्याआधी शेताच्या धुऱ्यापर्यंत जाताना ते दोनदा थांबून पोटरी दाबत बसायचे. आम्ही वात समजून वर्षभर तेल चोळलं. स्टेंटनंतर ते सरळ वावरात चालत गेले, आणि ‘आता बरा झालो’ म्हणून तीन महिन्यांत गोळ्या बंद केल्या. तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र सुटला नाही. पोळ्याच्या दिवशी बैल धुताना पायाचा अंगठा काळसर, दगडासारखा थंड लागला.

स्टेंट एकच जागा मोकळी करतो. चरबी साचण्याचा आजार साऱ्या धमन्यांत असतो, म्हणून अशा रुग्णांना हार्ट अटॅक आणि लकव्याचाही धोका राहतो. रक्त गोठू न देणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी, बीपी-साखरेवर ताबा, रोजचं चालणं आणि तंबाखू पूर्ण बंद, हे सांभाळावंच लागतं. आम्हाला हे कुणी बसवून समजावलं नाही.

घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा, हे गुणोत्तर ०.९० किंवा खाली आलं की पायाला रक्त कमी पडतंय असं समजतात. त्याला बीपीचा पट्टा आणि रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारा, हातात मावणारा डॉप्लर पुरतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक दिवस ही तपासणी व्हावी आणि या गोळ्या तिथेच मिळाव्यात. नागपूरच्या एका फेरीत दोघांची मजुरी बुडते, म्हणून माणसं जातच नाहीत.

— एक वाचक, जि. यवतमाळ