एअरोटोदरम्यान टगच्या वर जाऊ नका

सर्व ग्लायडर व टग पायलटांना कळकळीची सूचना. (एअरोटो म्हणजे टगने, म्हणजे इंजिनाच्या विमानाने, ग्लायडरला दोराने ओढून वर नेणं.)

ग्लायडर टगपेक्षा झपाट्याने वर गेला की दोर टगची शेपटी वर खेचतो आणि टगचं नाक खाली जातं. हे दोन-तीन सेकंदांत घडतं. दोरावर ताण असताना टगचा दोर अडकवलेला हुक सुटेलच असं नाही, आणि उंची कमी असेल तर टग पायलटला सावरायला जागाच उरत नाही. म्हणजे चूक मागच्याची, जीव पुढच्याचा.

ग्लायडरच्या पोटाखालचा हुक, त्यातला वजनाने हलका पायलट, आखूड दोर, खवळलेली हवा यांनी धोका वाढतो. नाकाजवळ हुक असेल तर तोच वापरा. बहुतेक वेळा सुरुवात लक्ष विचलित होण्याने होते: कॅनपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) नीट लागलेली नसते, हात तिकडे जातो, नजर आत वळते. कॅनपी उघडली तरी आधी ग्लायडर सांभाळा.

टग दिसेनासा झाला, की त्याच क्षणी दोर सोडा. टगने पंख हलवले तरीही लगेच सोडा. फक्त रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) हलवला, तर आपले एअरब्रेक (पंखांवरचे ब्रेक) उघडे तर नाहीत ना, ते तपासा. हे दोन इशारे टेकऑफपूर्वी एकमेकांना म्हणून दाखवा. दोर आणि वीक लिंक (जास्त ताण आल्यावर मुद्दाम तुटणारा दुवा) तपासल्याशिवाय टो मिळणार नाही.