गॅसचे काम प्रशिक्षितांकडेच हवे

घरातील दुरुस्तीची कामे स्वतःच करावीत, असे सुचवणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. नळाचा वायसर बदलण्यापर्यंत तो पटतो. पण गॅसजोडणी आणि गॅसवर चालणारे गिझर-हीटर त्याच यादीत घालणे धोक्याचे आहे. नळाचे काम चुकले तर पाणी लगेच दिसते. गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन या उग्र वासाच्या रसायनामुळे वास येतो, म्हणून गळती निदान कळते तरी. अपुऱ्या ज्वलनातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला मात्र ना वास असतो, ना रंग. आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्यामुळे शरीराला प्राणवायू कमी पडून डोके दुखते, मळमळते आणि माणूस साधे अजीर्ण समजून पडून राहतो. धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा सांधा सैल बसला तरी गिझर पेटतो, पाणी तापते, काम जमल्यासारखे वाटते. त्याच हवेत झोपणाऱ्या मुलाने किंवा वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याने हा धोका पत्करलेला नसतो. म्हणून हे काम कायद्याने परवानाधारकांपुरतेच ठेवावे. सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहणे, निळी ज्योत पिवळी पडताच उपकरण बंद करून खिडक्या उघडणे, एवढे मात्र घरातल्या प्रत्येकाला यायलाच हवे. परवानाधारकांचे दर परवडत नाहीत, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी वार्षिक तपासणीचे शुल्क शासनाने माफक ठरवून द्यावे.

– एक वाचक