सिट-स्कीची नवी सीट करायचीय, 20 तारखेच्या आत हातभार लावा

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आपल्या सिट-स्कीवाल्या (म्हणजे स्कीवर बसवलेल्या सीटमध्ये बसून बर्फावर उतरणाऱ्या) पोरीबद्दल तुम्हाला नव्याने काय सांगायचं. मणक्याची दुखापत झाल्यावर पहिल्यांदा सीटमध्ये बसली तेव्हा दहा मीटर पण सरळ गेली नव्हती, पडायची आणि हसायची, आता गेट (उतारावर रोवलेले रेसचे खांब) असे कापते की कोच पण गप्प बसतात. त्या पहिल्या वर्षी वर्कशॉपवाल्या काकांनी सुट्टीच्या दिवशी फ्रेम वेल्ड करून दिली, खाली शॉक-अॅब्सॉर्बर जुन्या मोटरसायकलचा (हसू नका, दोन सीझन चालला), शिवणवाल्या ताईंनी पॅडिंग तीनदा उसवून परत शिवलं, आणि लिफ्टवर चढवताना तिला स्कीसकट मागून उचलणारी आपली चौघं पोरं, त्यांच्या पाठी अजून दुखतात म्हणे. या सगळ्यांचे उपकार क्लब विसरणार नाही.

पण आता ती सीट संपली. फ्रेमला तडा गेलाय आणि सीट अंगाला बसत नाही. हिला स्की वळवायची ती कंबर, खांदे आणि हातातल्या दोन आउटरिगरवर (टोकाला छोटी स्की असलेल्या काठ्या), त्यामुळे सीट बुटासारखी घट्ट लागते, बोटभर फट राहिली तरी वळण उशिरा लागतं. शिवाय खाली घासून जखम झाली तर तिला कळत पण नाही, मागच्या सीझनला त्यापायीच पाच आठवडे घरी बसली. डाउनहिलला (सगळ्यात वेगवान रेस) बसून खेळणाऱ्या बायका ताशी 100 किमीच्या आसपास जातात हो, तडा गेलेल्या फ्रेमवर कसं पाठवायचं? एलडब्ल्यू 10 ते 12 या बसून खेळणाऱ्यांच्या क्लासमध्ये प्रत्येकाची वेळ फॅक्टरने गुणतात, पण त्या फॅक्टरमध्ये अपंगत्व धरतात, खिळखिळी सीट नाही.

मागच्या आवाहनाला अंगठे ढीगभर आले, पैसे सात जणांचे. एकजण तर म्हणाले व्हीलचेअर आहे ना तिला, मग हे शौक कशाला. लागलं मनाला, खोटं कशाला बोलू. 2014 ला सोचीच्या पॅरालिंपिकमध्ये जर्मनीच्या आना शाफेलहुबरने बसून खेळणाऱ्यांची पाचच्या पाच गोल्ड नेली, त्यातल्या स्लॅलममध्ये (जवळजवळच्या गेटमधून वळत जायची रेस) आधी डिसक्वालिफाय केलं होतं, अपील करून मिळवलं. 2022 ला बीजिंगमध्ये जपानच्या मोमोका मुराओकाने तीन घेतली. त्याला कोणी शौक म्हणत नाही!

बाकीचं पटकन: पैसे खजिनदारांकडे, पावती लगेच, ट्रान्सफर केलंत तर "सीट" आणि स्वतःचं नाव लिहा, मागच्या वेळी दोघांचे कोणाचे ते अजून कळलं नाही. सीटचं माप 20 तारखेला, अॅडव्हान्स त्याआधी भरायचाय. पैसे जमत नसतील तर शनिवारी सकाळी लिफ्टपाशी दोन धडधाकट माणसं हवीत, कसं उचलायचं ते ती चौघं दाखवतील. रेसिंगचा वापरलेला शॉक-अॅब्सॉर्बर कोणाकडे पडून असेल तर तोही चालेल, आधी काकांना दाखवा.

– सेक्रेटरी