एलपीजीचे डिटेक्टर छताला बसवल्याबद्दल तक्रार

प्रति,
सेवा विभाग प्रमुख

विषय : मॅनिफोल्ड खोलीतील गॅस डिटेक्टर चुकीच्या उंचीवर बसवल्याबाबत आणि त्यावर मिळालेल्या उत्तराबाबत

महोदय,

आमच्या पावडर कोटिंगच्या भट्टीसाठी सिलिंडरचे मॅनिफोल्ड (अनेक सिलिंडर एकत्र जोडणारी नळी), पाइपलाइन आणि गळती ओळखणारी यंत्रणा आपल्या कंपनीने बसवली. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर आपल्या अभियंत्याची सही आहे.

गेल्या आठवड्यात पाळी बदलताना मॅनिफोल्ड खोलीत गॅसचा वास आला. एका पिगटेलचा (सिलिंडर मॅनिफोल्डला जोडणाऱ्या छोट्या नळीचा) वॉशर फाटला होता. उभ्याने वास जेमतेम येत होता, वाकले की नाकात भरत होता. कामगारांनी सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद केले, दारे उघडली आणि कुठल्याही स्विचला हात लावला नाही, म्हणून निभावले. या सगळ्या वेळात पॅनेलवरचा आकडा शून्य होता. भोंगा वाजला नाही. गॅस आपोआप तोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्हही उघडाच राहिला, कारण तो याच डिटेक्टरच्या इशाऱ्यावर चालतो.

दोन्ही डिटेक्टर छताला लागून आहेत. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. प्रोपेनची वाफ हवेच्या सुमारे दीडपट जड असते, ब्युटेनची जवळपास दुप्पट. गळलेला एलपीजी पाण्यासारखा उतार शोधतो, आणि आमच्या खोलीत त्याला उतार शोधायचीही गरज नाही : कोपऱ्यातल्या जाळीचे गटार थेट भट्टीच्या बर्नरखालून जाते. ही जाळी आपल्या नकाशावर दाखवलेली आहे. हवेत साधारण २ टक्के एलपीजी मिसळला की मिश्रण पेटू शकते. छतापाशी काही जाणवेपर्यंत जमिनीलगत हे प्रमाण केव्हाच ओलांडलेले असेल.

तक्रार केल्यावर आपले तंत्रज्ञ आले. शिडी लावून त्यांनी सेन्सरवर चाचणीचा गॅस सोडला, लाल दिवा लागला आणि अहवालात ‘यंत्रणा सुस्थितीत’ असे लिहून ते निघाले. सेन्सर चालतो याबद्दल आमचे दुमत नाही. तो जिथे आहे तिथे गॅस पोहोचत नाही, हे आमचे म्हणणे आहे. खाली बसवले तर फरशी धुताना भिजेल, ट्रॉली धडकेल, असे त्यांनी सांगितले. अडचण खरी आहे, पण शिंतोडे अडवणारे कव्हर आणि लोखंडी गार्ड यासाठीच मिळतात. मिथेनचे डिटेक्टर वर बसवतात, कारण मिथेन हवेपेक्षा हलका असतो. इथे कुणीतरी तोच आराखडा उचलून लावला असावा, अशी आमची शंका आहे. चाचणीच्या बाटलीवरही मिथेनच लिहिलेले होते. मिथेनवर जुळवलेला सेन्सर प्रोपेन-ब्युटेनसाठी खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो, त्यामुळे नुसती जागा बदलून भागणार नाही.

आणखी एक गोष्ट. भट्टी पूर्ण क्षमतेने चालली की सिलिंडरवर बर्फ धरतो आणि दाब पडतो. त्यावर ‘गरम पाणी ओता’ असा सल्ला आपल्या वाहनावरच्या माणसाने आमच्या कामगारांना दिला. आम्ही तो मानलेला नाही. द्रवाची वाफ जितक्या वेगाने होते त्याहून जास्त गॅस खेचला जातो, म्हणून सिलिंडर गारठतात. उपाय म्हणजे एका वेळी जास्त सिलिंडर जोडणे किंवा व्हेपोरायझर (द्रव गॅस उष्णता देऊन त्याची वाफ करणारे यंत्र) बसवणे. भट्टीला किती गॅस लागेल याचा हिशेब आपणच केला होता, तो पुन्हा तपासावा.

डिटेक्टर जमिनीपासून फूटभराच्या आत आणावेत, एक गटाराच्या जाळीजवळ असावा, आणि दोन्ही आमच्या पुरवठ्यातल्या गॅसप्रमाणे जुळवून (कॅलिब्रेट करून) त्याचे प्रमाणपत्र द्यावे. चाचणी नुसत्या दिव्यापुरती नको; भोंगा वाजून सोलेनॉइड बंद होईपर्यंत आमच्या माणसासमोर व्हावी. ‘सुस्थितीत’ हा शेरा लेखी मागे घ्यावा, कारण उद्या तपासणी झाली तर तोच कागद पुढे केला जाईल. हे काम आपल्या खर्चाने व्हायला हवे. ते होईपर्यंत भट्टी बंद राहील आणि देखभाल कराराचा पुढचा हप्ता दिला जाणार नाही.

आठ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. फोनवरचे आश्वासन उत्तर धरले जाणार नाही.

आपला विश्वासू,
सुरक्षा अधिकारी

सोबत : डिटेक्टरच्या जागेची छायाचित्रे, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याची प्रत, तंत्रज्ञांचा अहवाल