खेड्यातून खेड्याकडे थेट गाडी हवी

महोदय,

दोन ग्रामीण भागांमधला लांबचा प्रवास बहुतेक वेळा मोठ्या शहराला वळसा घालूनच करावा लागतो. नकाशावर काही तासांचे दिसणारे अंतर कापायला अख्खा दिवस जातो, कारण पहिली गाडी पोहोचण्याआधीच पुढची सुटलेली असते. थेट गाडी मागितली की ‘प्रवासी नाहीत’ हे उत्तर ठरलेले. ते मला पटत नाही. जिथे गाडीच नाही, तिथली तिकीटविक्री शून्यच दिसणार! त्या वाटेवरचे लोक खासगी वाहनाने जातात किंवा जाणेच टाळतात, आणि त्यांची नोंद कुठेच होत नाही. त्यात सर्वाधिक भरडले जातात ते रुग्ण, वृद्ध आणि शिकणाऱ्या मुली.

प्रत्येक वेळी नव्या गाड्या घ्यायलाच हव्यात असेही नाही. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभर ठरावीक वेळेच्या अंतराने रेल्वे सोडायला सुरुवात केली. पुढे २००४ मध्ये मुख्य स्थानकांवर गाड्या एकाच सुमारास येतील आणि थोड्याच वेळात सुटतील अशी आखणी झाली. डोंगरातल्या गावांच्या बसही रेल्वेच्या वेळांशी जुळवलेल्या असतात. तिथली समृद्धी सगळीकडे नाही, हे मान्य. पण वेळा जुळवायला समृद्धी नव्हे, रेल्वे आणि बस खात्यांनी एकत्र बसणे लागते.

नवा मार्ग सुरू केल्यावर तो किमान वर्षभर तरी चालवावा. दोन महिन्यांत बंद होणाऱ्या गाडीच्या भरवशावर कोणी नोकरी धरत नाही.

– एक प्रवासी